हंगामाची पहिली शर्यत

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत येतात, तुळशीची लग्ने लागतात आणि पहाटेच्या वेळी जाडसे पांघरूण अंगावर ओढून घ्यावेसे वाटू लागते, त्याच सुमारास फिनलंडच्या उत्तर भागात, कूसामो गावाजवळच्या रुका नावाच्या टेकडीवर, जगातले निवडक स्कीपटू वर्षातील पहिल्या मोठ्या शर्यतीसाठी गोळा होतात. हे ठिकाण आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तेथील दिवस पाच तासांहूनही लहान असतो. सूर्य क्षितिजावर थोडा डोकावतो आणि दुपारी दोन-अडीचच्या सुमारास मावळूनही जातो. अशा अंधुक उजेडात आणि हाडे गोठविणाऱ्या थंडीत विश्वचषक मालिकेच्या पहिल्या शर्यती होतात. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये जी पदके मिळतात त्यांची वार्ता जगभर पसरते. परंतु या पहिल्या शर्यतींकडे खेळाच्या निष्ठावंत चाहत्यांखेरीज कोणाचे फारसे लक्ष जात नाही. आम्हांस मात्र त्यांत विचार करण्याजोगे पुष्कळ आढळले, आणि म्हणून या महिन्यात त्यांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम हा खेळ म्हणजे काय ते पाहू. बर्फावरून वेगाने खाली झेपावणारे खेळाडू आमच्या वाचकांनी चित्रपटांतून पाहिले असतील. तो खेळ निराळा. येथे ज्याचे वर्णन करावयाचे ते क्रॉस-कंट्री स्कीइंग. यात पायांना लांब, अरुंद आणि वजनाने हलक्या स्की बांधून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन, बर्फाच्छादित डोंगररानातून कित्येक किलोमीटर जावयाचे असते. शर्यतीची वाट आखताना साधारण एक तृतीयांश चढ, एक तृतीयांश उतार आणि उरलेला भाग उंचसखल, असे प्रमाण ठेवतात. उतार क्षणात संपतो आणि चढ संपता संपत नाही. त्यामुळे खेळाडूचा बहुतेक वेळ चढण्यातच जातो. हात, पाय, पाठ, पोट या साऱ्यांना एकाच वेळी राबावे लागत असल्याने हृदय व फुप्फुसे यांची इतकी कसोटी पाहणारे खेळ थोडेच आहेत. आपल्या देशालाही हा खेळ अगदी अपरिचित नाही. २०१८ साली दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जगदीश सिंग यांनी भारतातर्फे १५ किलोमीटरच्या शर्यतीत भाग घेतला होता.

या खेळाचे दोन प्रकार आहेत. एकात बर्फावर आधीच पाडलेल्या दोन समांतर चाकोऱ्यांतून स्की सरळ पुढे सरकवावयाच्या असतात. यास पारंपरिक पद्धत म्हणतात. दुसऱ्यात स्की तिरक्या रोवून, बर्फावर स्केटिंग केल्याप्रमाणे, दोन्ही बाजूंना रेटा देत पुढे जातात. ही मुक्त पद्धत. पारंपरिक पद्धतीतील युक्ती मोठी गमतीची आहे. स्की मधोमध कमानीसारखी किंचित उचललेली असते. दोन्ही पायांवर भार सारखा असला म्हणजे तो मधला भाग बर्फाला टेकत नाही आणि स्की सुरेख घसरते; एका पायावर सर्व भार देऊन रेटा दिला की तोच भाग दबून बर्फाला टेकतो. त्या मधल्या भागास चिकट मेण चोपडलेले असते, आणि ते बर्फाला क्षणभर पकडून ठेवते. मेण कमी चिकट असेल तर चढावर पाय मागे सटकतात. अधिक चिकट असेल तर पायाला बर्फाचे गोळे लागून चालणे अशक्य होते. थंडी जशी कमी-अधिक तसे मेण निराळे, आणि तपमान शून्याच्या आसपास घोटाळू लागले म्हणजे मेण लावणाऱ्या जाणत्या कारागिरांचीही मती गुंग होते. त्यातच २०२३-२४ च्या हंगामापासून फ्लुओरीनयुक्त मेणावर बंदी आली आणि अनेक वर्षांचा ठोकताळा बाजूस ठेवून सर्व संघांना नव्याने धडे गिरवावे लागले.

आता या पहिल्या शर्यतीपूर्वी खेळाडूने काय काय केलेले असते ते पाहू. त्याचे वर्ष सामान्यतः मे महिन्यात सुरू होते. बर्फ नसताना तो डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवरून मैलोगणती जातो, काठ्या घेऊन डोंगर चढतो, धावतो, वजने उचलतो. अव्वल दर्जाचा खेळाडू वर्षाकाठी सुमारे आठशे ते हजार तास सराव करतो, आणि त्यातला फार मोठा भाग इतक्या संथ गतीचा असतो की शेजाऱ्याशी बोलत बोलत तो करता यावा. पाहणारास यात पराक्रम असा काहीच दिसत नाही. परंतु याच नीरस तासांतून दम तयार होतो. ऑक्टोबर उजाडला की बर्फाची ओढ लागते. स्वित्झर्लंडमधील दावोस व कॅनडातील कॅनमोर येथे मागल्या हिवाळ्यातील बर्फ उन्हाळाभर लाकडाच्या भुशाखाली झाकून ठेवतात. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुशात ठेवीत तोच प्रकार, फक्त ढिगारा डोंगराएवढा! ऑक्टोबरमध्ये तो उकलून काही किलोमीटरांची वाट तयार होते, आणि त्या इवल्या वाटेवर खेळाडू घाण्याच्या बैलासारखे फेऱ्या घालू लागतात.

बर्फावर पहिले पाऊल पडताच एक गोष्ट त्यांच्या ध्यानी येते. पारंपरिक पद्धतीच्या सरावासाठी ज्या चाकांच्या स्की असतात, त्यांच्या एका चाकाला मागे फिरू न देणारा अडसर असतो. त्यामुळे रस्त्यावर पाय कसाही रेटला तरी पकड मिळतेच. बर्फ अशी मुरवत ठेवीत नाही. रेट्याचा क्षण किंचित चुकला, भार पुरता पायावर आला नाही, की स्की मागे सटकते. उन्हाळाभरात अंगात बळ भरपूर साठलेले असते. परंतु ते बर्फाच्या हाती कसे द्यावे याची कला पुन्हा नव्याने आठवावी लागते. यास काही आठवडे लागतात आणि शर्यत तर उंबरठ्यावर येऊन ठेपलेली असते.

शर्यतीचा दिवस उगवतो. पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली गेला तर नियमाप्रमाणे शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. त्याच्या अलीकडे मात्र थंडीची तक्रार कोणी ऐकून घेत नाही. एकामागून एक खेळाडू तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुटतात. सोबतीस कोणी नाही, समोर केवळ घड्याळ. सहा महिने ज्याने बेताने सराव केला त्याच्या अंगी आता उत्साह मावत नाही, आणि पहिल्या चढावर तो जरूरीपेक्षा अधिक वेगाने जातो. त्या वेगाचे मोल दुसऱ्या फेरीत मोजावे लागते. मांड्या शिशाच्या झाल्यासारख्या वाटतात, दंडांत ताकद राहत नाही, आणि मागून सुटलेला प्रतिस्पर्धी झपाट्याने जवळ येऊ लागतो. शर्यत संपल्यावर थंड, कोरड्या हवेने घसा व श्वासनलिका इतक्या सुकलेल्या असतात की कित्येकांना तासन् तास कोरडा खोकला येत राहतो. शर्यतीच्या तीव्र वेगाची सवय सरावाने पुरती होत नाही. ती शर्यतीनेच होते. म्हणून पहिली शर्यत ही बहुतेकांच्या बाबतीत अडखळतच व्हावयाची.

शिवाय दुसरेही एक कारण आहे, आणि ते बुद्धिपुरस्सर घडविलेले असते. हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि मोठ्या स्पर्धा बहुधा फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी येतात. शरीराचा अगदी ऐन बहर वर्षातून फार दिवस टिकत नाही. तो नोव्हेंबरातच आणला तर फेब्रुवारीत पाने गळू लागतात. म्हणून ज्याचे लक्ष मोठ्या पदकावर आहे, त्याचा मार्गदर्शक त्याला या पहिल्या शर्यतीत जाणूनबुजून थोडा अपक्व ठेवूनच उभा करतो. शितावरून भाताची परीक्षा करावी, हे खरे. परंतु भात शिजल्यावर. आधण येऊन थोडा वेळ झाला असता शीत चेपून पाहिले तर ते आत कच्चेच लागणार. घरची सुगरण तेव्हाही शीत चेपून पाहतेच. पण ते भात टाकून देण्यासाठी नव्हे, तर आच किती ठेवावी आणि पाणी आणखी घालावे की काय, हे समजण्यासाठी. हंगामाच्या पहिल्या शर्यतीचा खरा उपयोग हाच आहे.

यावर कोणी म्हणेल, की पहिल्याच शर्यतीत चमकणारे वीरही असतातच ना? असतात, यात संशय नाही. नॉर्वे देशातील योहानेस होस्फ्लोट क्लेबो याचेच उदाहरण घ्या. २०१७ च्या नोव्हेंबरात तो एकवीस वर्षांचा होता आणि थोड्या अंतराच्या शर्यतीतला हुशार खेळाडू एवढीच त्याची प्रसिद्धी होती. रुकाच्या त्या तीन दिवसांत त्याने तिन्ही शर्यती जिंकल्या. त्यांत १५ किलोमीटरच्याही दोन होत्या. तीन महिन्यांनी प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदके पटकावली. आमच्या वाचकांस विशेष वाटेल ते असे, की या नातवाच्या सरावाची आखणी करणारे मार्गदर्शक होते त्याच्या आईचे वडील, कोरे होस्फ्लोट, आणि त्यांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. एकत्र कुटुंबात आजोबांच्या मांडीवर बसून नातवाने श्लोक शिकावे, हे आपल्या ओळखीचे चित्र आहे. आजोबांच्या देखरेखीखाली नातू जगज्जेता झाला, हे त्याच चित्राचे उत्तर ध्रुवाकडील रूप म्हणावयास हरकत नाही.

परंतु याच क्लेबोची पुढची हकीकत पाहा. २०२३ च्या हंगामारंभी आजारामुळे त्याला रुकाच्या शर्यतींना मुकावे लागले. त्यानंतर जानेवारीपर्यंत चालणाऱ्या टूर द स्की या अनेक दिवसांच्या मोठ्या स्पर्धेसही आजारामुळेच तो उतरू शकला नाही. मागील दोन वर्षे त्याच्याकडे असलेले विश्वचषकाच्या एकंदर गुणांचे विजेतेपद त्या साली त्याचाच देशबंधू हाराल्ड ओस्टबर्ग आमुंडसेन याच्याकडे गेले. तो नोव्हेंबर पाहून कोणी क्लेबोचे भविष्य वर्तविले असते तर काय सांगितले असते? आणि २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चात, तो जेथे लहानाचा मोठा झाला त्या ट्रॉन्डहाइम शहरीच भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, सहाच्या सहाही शर्यतींत त्याने सुवर्णपदक मिळविले. माणूस एकच, मार्गदर्शन करणारे घरही एकच. एका नोव्हेंबरात त्याने सर्व जिंकले, दुसऱ्या नोव्हेंबरात तो आरंभरेषेवर उभाही राहू शकला नाही. पहिल्या आठवड्याने त्या त्या आठवड्यापुरते सत्य सांगितले. त्या पलीकडचे सांगण्याची शक्ती त्यात नव्हती.

दुसरी हकीकत अमेरिकेच्या जेसी डिगिन्स हिची, आणि ती आमच्या वाचकभगिनींनी अवश्य लक्षात घ्यावी. २०१८ साली किकन रँडल हिच्या जोडीने तिने क्रॉस-कंट्री स्कीइंगमधील आपल्या देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. तरुणपणी तिला बुलिमिया हा आजार जडला होता. शरीर कृश राखण्याच्या ध्यासातून माणूस आधी अतोनात खातो आणि मग खाल्लेले बाहेर टाकतो, असे या आजाराचे स्वरूप असते. तो हट्ट किंवा खोड नव्हे, तर उपचार आवश्यक असलेली व्याधी आहे. उपचार घेऊन ती सावरली होती. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात त्या व्याधीने पुन्हा डोके वर काढले. हंगाम दोन महिन्यांवर आला असता, सप्टेंबरमध्ये, तिने ही गोष्ट स्वतः होऊन जाहीर केली. स्पर्धेच्या जगात आपले दुबळेपण प्रतिस्पर्ध्यांस कळू नये म्हणून माणसे काय काय लपवितात! हिने ते उघड सांगितले आणि आपल्या माणसांचे साहाय्य घेतले.

नोव्हेंबरात रुका येथे ती आरंभरेषेवर उभी राहिली. पुढच्याच आठवड्यात स्वीडनमधील येल्लिवारे येथे तिने १० किलोमीटरची शर्यत जिंकली. जानेवारीत टूर द स्की जिंकली. आणि २०२४ च्या मार्चात विश्वचषकाचे एकंदर विजेतेपदही तिने मिळविले. या विजयांमुळे तिची गोष्ट थोर ठरते असे मात्र आम्हांस वाटत नाही. एकही शर्यत जिंकली नसती तरी सप्टेंबरातले ते सांगणे तितकेच मोलाचे राहिले असते. तिने आपले शरीर शर्यतीच्या निकालापेक्षा वरचढ मानले, आणि ते पहिल्या शर्यतीच्या आधी मानले, यातच तिचे धैर्य दिसून येते.

येथवर वाचून एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, "हे सारे क्लेबो व डिगिन्स यांना शोभते. त्यांची जागा पक्की आहे. एक नोव्हेंबर वाया गेला तर त्यांचे काय बिघडते? सामान्य खेळाडूचे काय?" हा आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. विश्वचषक मालिकेत प्रत्येक देशाला मोजक्याच जागा मिळतात. नॉर्वेमध्ये लायक खेळाडू इतके आहेत, की इतर बहुतेक देशांत जो सहज संघात आला असता, त्याला तेथे घरी बसावे लागते. रुकाच्या आधी नोव्हेंबरच्या मध्यास बाइटोस्टोलेन या डोंगरी गावी देशातल्या देशात शर्यती होतात, आणि रुकास जाण्याचे भाग्य कित्येकांच्या बाबतीत तेथेच ठरते. शिवाय गुणांच्या हिशेबात नोव्हेंबरचा गुण मार्चच्या गुणाइतकाच भरतो. पहिल्या क्रमांकास शंभर, दुसऱ्यास पंचाण्णव, आणि ते पुढे कधी भरून मिळत नाहीत. तेव्हा अशा होतकरू खेळाडूस 'पहिल्या शर्यतीचे मनावर घेऊ नकोस' असे सांगणे म्हणजे निव्वळ पोकळ समाधान होय.

म्हणून आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. पहिल्या शर्यतीचे परिणाम खरे असतात. ते नाकारू नयेत. जागा गेली तर ती गेली. परंतु 'जागा गेली' हे झाले घडलेले वृत्त, आणि 'याच्या अंगी योग्यताच नाही' हे झाले आपण त्यावरून काढलेले अनुमान. वृत्त एका दिवसाचे आणि अनुमान मात्र जन्माचे! या दोहोंची गल्लत होते तेव्हा खरी हानी होते. ज्याला रुकास जाता आले नाही तो स्कँडिनेव्हियन चषकाच्या खालच्या मालिकेत धावतो, आणि तेथे चांगला उतरला तर हंगामाच्या मध्यावरही त्याला वर बोलावणे येते. हे दुसरे दार उघडे आहे. पण आपण नालायक आहोत अशी ज्याची समजूत झाली, तो त्या दारापर्यंत जातच नाही. त्याला अडवितो तो निकाल नव्हे, तर निकालाचा लावलेला अर्थ.

आणि तो अर्थ बहुधा एकट्या खेळाडूने लावलेला नसतो. भोवतालच्या वडील माणसांनी तो लावून दिलेला असतो. चांगला मार्गदर्शक शर्यत संपल्यावर क्रमांक विचारण्याआधी निराळे प्रश्न विचारतो. पहिल्या चढावर वेग कसा होता? पकड कोठे सुटली? झोप किती झाली होती? उत्तरे सरावाच्या वहीत उतरवून ठेवली जातात आणि पुढील आठवड्याची आखणी त्यावरून होते. कच्च्या राहिलेल्या शिताला दोष देण्यात वेळ न दवडता आच नीट करण्याकडे त्याचे लक्ष असते.

आपल्या घरांत बर्फ नाही आणि स्कीही नाहीत. पण नोव्हेंबर आहे. सहामाही परीक्षेचा निकाल याच सुमारास हाती येतो. घरातील मुलगा किंवा मुलगी जूनमध्ये नव्या इयत्तेत गेलेली असते, विषय नवे, शिक्षक नवे, अभ्यासाची घडी अजून बसावयाची असते, आणि दिवाळीच्या निमित्ताने जमलेले काका, आत्या, मामा व शेजारपाजारचे स्नेही, प्रत्येकजण लाडू तोंडात टाकता टाकता "किती गुण मिळाले?" एवढेच विचारतो. ज्याला कमी मिळाले त्याने मान खाली घालावयाची, ज्याला अधिक मिळाले त्याने ती ताठ करावयाची, आणि दोघांनीही मार्चपर्यंत तीच समजूत उराशी धरून बसावयाचे! पी हळद अन् हो गोरी, असा हा उतावीळपणा आहे. एकत्र कुटुंबात मुलावर नजर ठेवणारे डोळे पुष्कळ असतात, हे त्याचे बळ आहे. पण तेच डोळे सर्व मिळून एकाच वेळी निकाल देऊ लागले तर त्या बळाचेच ओझे होते.

त्याऐवजी घरातील एका वडील माणसाने, आजोबा असोत की मोठी काकू, उत्तरपत्रिका घेऊन मुलाजवळ निवांत बसावे. कोणत्या प्रश्नावर जरुरीपेक्षा अधिक वेळ गेला, कोठे पाठ केलेले आठवले पण समजलेले नव्हते, कोणता भाग चांगला साधला, हे त्याच्याच तोंडून काढून घ्यावे आणि एका वहीत लिहून ठेवावे. मुलगी जेवणात टाळाटाळ करीत असेल, झोपेत दचकत असेल, तर गुणांची गोष्ट बाजूस ठेवून आधी तिकडे पाहावे आणि जरूर वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यास संकोचू नये. इतरांनी त्या दिवशी लाडू खावेत आणि गुण विचारू नयेत. नाताळच्या सुट्टीत ती वही पुन्हा उघडून पाहावी. पुढे काय करावयाचे ते बहुतेक तीतूनच उमगेल.